महिन्याचे डॉक्टर

धान कापायला आलं की आमच्या वॉर्डात हाडं दुखणारी मुलं यायला लागतात. दिवाळी होऊन गेलेली असते, सकाळी तलावांवर धुकं बसायला लागलेलं असतं, आणि एखादी आई पोराला पाठुंगळी घेऊन दारात उभी राहते. पोर रडत नसतं. सिकलसेलची मुलं फार रडत नाहीत. रडलं की छाती हलते आणि छाती हलली की दुखतं, हे त्यांना फार लवकर कळतं. डोळे पिवळसर, बोटं सुजलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. मी मनगट हातात घेते आणि नाकात ओल्या धानाच्या पेंढ्यांचा वास भरतो. वॉर्डात पेंढ्या कुठल्या? तो वास धानोऱ्याच्या पलीकडे घालवलेल्या एका हंगामाचा आहे, माझ्या शिकण्याच्या दिवसांतला. आणि तो वास आला की त्याच्यासोबत संशय येतो. कुणाचा, ते दर वर्षी वेगळं असतं.

संशय घ्यायला आम्हाला शिकवलंच होतं. लहान मुलांचा डॉक्टर व्हायचं तर कशावरही पटकन विश्वास ठेवायचा नाही, असं आमचे सर सांगायचे. मूल सांगू शकत नाही, आई घाबरलेली असते, आजी दोष आपल्यावर येऊ नये म्हणून बोलते. साधा ताप म्हणून आणलेलं पोर साधं आहे असं मानायचं नाही. मला हे जड गेलं नाही. मी बल्लारपूरची. स्टेशनजवळ अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात हिंदी, गल्लीत शेजारच्या बायकांची मराठी. आमच्या मोहल्ल्यातून मेडिकलला गेलेली मी पहिलीच मुलगी. कॉलेजात कुणी हसलं की ते माझ्या ‘मले-तुले’लाच हसलं, असं मी धरून चालायची. पुस्तकी मराठी बोलायला शिकले ती त्या धास्तीनंच.

पुढच्या शिक्षणात आम्ही महिन्या-महिन्यानं फिरायचो. एक महिना हृदयाचा, एक मूत्रपिंडाचा, एक मेंदूचा, एक रक्ताचा. खोकणारं, हगणारं, शाळेला दांडी मारणारं अख्खं मूल कुणाच्याच वाट्याला यायचं नाही. एखाद्या पोराशी ओळख होऊन ते आपणहून जीभ दाखवायला लागलं की आमचा महिना संपायचा. रक्ताचा महिना म्हणजे सिकलसेल. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. थंडीनं, तापानं, पाणी कमी पडलं की जास्तच. आमच्या जंगलपट्टीत घराघरांत हा आजार. म्हणून कॉलेजनं धानोऱ्याच्या पुढं रस्त्याकडेच्या एका लहान दवाखान्यात केंद्र उघडलं होतं आणि दर महिन्याला एक शिकाऊ डॉक्टर तिथं जायचा. आमच्याबरोबरची मुलं त्या महिन्याला आरामाची पोस्टिंग म्हणायची.

माझ्या आधी असलेला डॉक्टर मला गडचिरोलीच्या बस स्टँडवर भेटला. तो परत निघालेला, मी जाणारी. त्यानं खोलीची किल्ली दिली, सिस्टर सगळं बघते म्हणाला, शनिवारी गाडी येते तेव्हा रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून पाठवायच्या, एवढं विसरू नको म्हणाला. तिथल्या मुलांबद्दल मी काही विचारणार, तोवर त्याची बस लागली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं झालेलं. बायका वाकून कापत होत्या, बांध्यांमध्ये पेंढ्या पसरल्या होत्या, उंचवट्यावर पेंढ्यांचे ढीग, पुंजणे, रचायला सुरुवात झाली होती. मध्येच एखादा तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं. मला तो रस्ता फार आवडला. आणि आवडला म्हणूनच की काय, आरामाच्या पोस्टिंगवर जाताना लोक एवढे खूश का असतात, हा प्रश्न पडला.

अनुसयाबाई पहिल्याच आठवड्यात आली. तलावावर मासे धरणाऱ्या, शिंगाडे काढणाऱ्या कुटुंबातली, तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली. सोबत तिची मुलगी शेवंता, सहा-सात वर्षांची, नाकात चमकी, हातापायांच्या काड्या. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून आली होती. मी शेवंताला टेबलावर निजवलं, डाव्या बरगडीखाली बोटं घालून प्लीहा पाहिली. या मुलांची ती वाढते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. तेवढ्यात सिस्टर मंदाबाईंनी सवयीनं सुई आणि नळी आणून ठेवली.

अनुसयाबाईनं पोरीचा दंड पदराखाली घेतला. मग मला शांतपणे विचारलं, “तुमी किती दिवसाच्या?”

एक महिना, मी म्हणाले.

“मायीत होतं,” ती म्हणाली. “दर महिन्याले नवा डाक्टर येते. रगत घेते अन् चालला जाते. त्या रगताचं काय करता तुमी?”

तपासायला नेतो, असं मी म्हणाले. त्यावर तिनं विचारलं, तपासून काय निघालं. मला ते ठाऊक नव्हतं. मी मंदाबाईंकडं पाहिलं, त्या कापसाच्या डब्याचं झाकण बसवत होत्या. अनुसयाबाईनं गोळ्या पदरात बांधल्या आणि ती गेली. रक्त तिनं दिलं नाही आणि मीही मागितलं नाही.

मंदाबाई जवळच्याच गावच्या, कितीतरी महिन्याचे डॉक्टर बघितलेल्या. दुपारी ओसरीत बसून त्यांनी सांगितलं की गावात नाना तऱ्हेचं बोललं जातं. शहरात पोरांचं रक्त विकतात, असं काही जण म्हणतात. काहींना वाटतं, आजार आहे ही थापच आहे, रक्तासाठी केलेली. रिपोर्ट येतात का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, सुरुवातीला आले होते. आता नळ्या जातात, एवढंच. त्यांनी एकदा एका डॉक्टरला हटकलं होतं. पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणाला. पुढच्या महिन्यात तो नव्हताच.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्टीकडं डोळे बारीक करून बघायला लागले. शनिवारच्या गाडीचा ड्रायव्हर बर्फाचा डबा फारच जपून उचलतो, असं वाटायचं. सर कॉलेजात या केंद्राचा विषय निघाला की लगबगीनं दुसरं बोलतात, असं आठवायचं. समोर धान कापणाऱ्या बायका सकाळी दवाखान्याकडं बघून आपसांत काही बोलायच्या, ते माझ्याबद्दलच, अशी माझी खात्री होती. बहुधा नसेलही.

मग सर स्वतः भेटीला आले. पांढरे केस, स्वच्छ शर्ट, मुलांना तपासताना हात आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची सवय, गार तर नाही ना म्हणून. त्या नळ्यांचं काय होतं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “तुला हे विचारायला कोणी सांगितलं?”

कोणी नाही, मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. कॉलेजात त्यांचे विरोधक होते आणि हे केंद्र बंद पाडायला टपलेले होते, हे मला पुढं कळलं. पण त्यांनी लपवलं काही नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, त्याला रक्त लागतं, म्हणाले. एक जण लोहाचं प्रमाण बघतो, एक जण आणखी कशाचं. मी विचारलं, एकाच मुलाचं रक्त किती जणांच्या प्रबंधात जातं? ते सांगायला सुरुवात करून थांबले. त्यांनाही ते माहीत नव्हतं. प्रत्येक डॉक्टर आपल्या महिन्यात येऊन आपल्यापुरतं घेऊन गेला होता. आधीच्यानं काय घेतलं हे नंतरच्यानं विचारलं नव्हतं, कारण दोघांची भेट व्हायची ती बस स्टँडवर, किल्ली देण्याइतकी.

मी कट शोधत होते. कट असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं. इथं सगळे आपापलं काम नीट करणारे लोक होते आणि त्या नीटपणातून शेवंताच्या दंडावर टोचल्याचे डाग उमटत होते. ‘रक्त विकतात’ हा गावाचा संशय चुकीचा होता, पण फार दूरचाही नव्हता. सर जाताना म्हणाले, तुझा महिना नीट पार पाड. त्या वाक्यात धमकी होती की काळजी, याचा मी बरेच दिवस विचार केला.

महिना सरत आला तेव्हा थंडी एकदम पडली. शेवंता आईसोबत शिंगाडे काढायला तलावात उतरली होती. अनुसयाबाई तिला घेऊन आली तेव्हा पोरीला ताप होता, श्वास उथळ आणि भराभर चाललेला, आणि छातीवर एका बाजूला हात दाबून धरलेला. या मुलांच्या छातीत असं धरलं की दिवसाच्या आत बिघडू शकतं. मी मंदाबाईंना सलाईन लावायची तयारी करायला सांगितलं आणि स्वतः सुई उचलली. समजावण्यात वेळ घालवण्यासारखी वेळ नव्हती, असं मला वाटलं. अनुसयाबाईनं सुई पाहिली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि सरळ रस्त्याला लागली. मी हाका मारत फाटकापर्यंत गेले. ती वळलीही नाही.

दवाखान्याची गाडी नव्हती. मंदाबाईंनी पेंढ्या वाहणारा एक ट्रॅक्टर थांबवला, तो अनुसयाबाईच्याच गावाकडं चालला होता. आम्ही दोघी ट्रॉलीत उभ्या राहिलो, मी औषधांची पिशवी छातीशी धरून. गावाच्या तोंडाशी पुंजण्याजवळ पुरुष बसले होते. त्यांनी विचारलं, कुठी, कोणाकडं, कशासाठी. त्या काळात त्या भागात जीप-ट्रॅक्टरमधून अनोळखी माणूस उतरलं की लोक आधी गप्प व्हायचे आणि मग विचारायचे. मंदाबाईंना ओळखत होते म्हणून आम्हाला वाट मिळाली. पण दोघे-तिघे मागं मागं आले.

घर तलावाच्या पाळीला लागून. कुंपणावर जाळी वाळत टाकलेली. दार ओढून घेतलेलं. शेवंताचा बाप बाहेर बसला होता, तो उठला आणि परत बसला. काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

“रगत नाई देनार,” अनुसयाबाई आतूनच म्हणाली.

मी कॉलेजात घोटलेली सगळी मराठी त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. “रगत नको मले,” मी म्हणाले. “तुमी विचारलं होतं ना, त्याचं काय होते म्हणून. मी पुसून आली. हिचं रगत एकदा तपासाले लागत होतं, तेवढंच. बाकीचं वेगवेगळ्या डाक्टरांनी आपल्या अभ्यासासाठी नेलं. हिच्या इलाजाले ते लागत नव्हतं.”

मंदाबाईंनी माझा हात दाबला. मागं उभे असलेले लोक कुजबुजले. मला वाटलं, आता इथून आपण धड जात नाही.

दार थोडं उघडलं. “मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?”

“मले मालूम नव्हतं. पुरं कोनालेच मालूम नव्हतं.”

आतून शेवंताचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले की आता सुई काढून घ्यायला नाही, आत औषध सोडायला लावायची आहे. ही पोरगी इथं राहिली तर उद्या तिला श्वास पुरणार नाही. अनुसयाबाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमचा महिना कवा सरते?”

शनिवारी, मी म्हणाले.

“अन् शनवारच्या बादमंदी हिले कोन पाहीन?”

नवा डॉक्टर येईल, हे तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. “हे चांगली होईस्तोवर मी जात नाई,” असं म्हणाले. म्हणताना माझं मलाच खरं वाटत नव्हतं. तिला तर मुळीच वाटलं नसावं. पण तिनं पोरीला गोधडीत गुंडाळलं. ट्रॅक्टरवाल्यानं अर्ध्या पेंढ्या तिथंच उतरवल्या, आणि उरलेल्या पेंढ्यांवर शेवंताला मांडीवर घेऊन आम्ही परत आलो.

पुढचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा गार धातू. शेवंताच्या नाकपुड्या फुलणं आणि हळूहळू कमी फुलणं. खिडकीबाहेर धान चुरण्याचा, मळणीचा आवाज. आणि खाटेजवळ जमिनीवर बसलेली अनुसयाबाई. ती प्रत्येक इंजेक्शनची बाटली हातात मागून घ्यायची, उजेडात धरायची, वास घ्यायची. हे काय, असं मला विचारायची; मी बाहेर गेले की तेच मंदाबाईंना विचारायची आणि दोघींचं उत्तर जुळतं का ते बघायची. मला राग यायचा. मग लक्षात आलं की तिच्यामुळं मीही प्रत्येक डोस पुन्हा मोजून घेते आहे. गडचिरोलीला हलवू या, असं मी एकदा सुचवलं. ती नाही म्हणाली, तिथं तर तुमच्यासारखे लय असतीन. ताप उतरला तेव्हा शेवंतानं भात मागितला, आणि अनुसयाबाई उठून व्हरांड्यात जाऊन तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

शनिवारी सुधीर आला, माझ्यानंतरचा डॉक्टर. मी निघाले नाही. हृदयाच्या विभागात माझी हजेरी लागली नाही. गाडीबरोबर सरांचा निरोप आला, सोमवारपर्यंत हजर हो. मी झाले नाही. त्याची किंमत पुढं मोजली: तो महिना शेवटी पुन्हा करावा लागला, परीक्षा एक खेप मागं गेली, आणि बल्लारपुरात अब्बांना लोक विचारत राहिले की पोरीनं तिकडं काही भानगड तर केली नाही ना. अब्बांनी मला एकदाच विचारलं. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि सायकलचं चाक फिरवत बसले. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही.

पण ते जास्तीचे दिवस मी आणि सुधीर एका खोलीत दोन खुर्च्या टाकून बसलो. तो हुशार आणि थोडा तोऱ्यातला होता. मी इथं का थांबले याबद्दल त्याच्याही मनात काहीतरी असणार. एका सकाळी त्यानं शेवंताच्या बरगडीखाली बोटं घालून प्लीहा पाहिली आणि मान वर करून मला विचारलं, “गेल्या आठवड्यात एवढीच होती का?” मी हात लावून पाहिला आणि सांगितलं, थोडी लहान होती, उद्या पुन्हा बघू. साधी गोष्ट. पण त्या केंद्रावर असा प्रश्न विचारायला आजवर कुणाजवळ कुणी नव्हतंच. पुढच्या रविवारी मी त्याला तलावाच्या पाळीवर अनुसयाबाईच्या घरी घेऊन गेले, नाव-गाव सांगून ओळख करून दिली. त्यानं नाक न मुरडता चहा घेतला. एवढी तरी कमाई.

सरांनी मला कधी शाबासकी दिली नाही. मात्र त्यानंतर पोस्टिंगचा तक्ता बदलला. येणारा डॉक्टर आणि जाणारा डॉक्टर एक आठवडा एकत्र राहू लागले, आणि खरंच लागते का हे विभागातल्या एकानं बसून ठरवल्याशिवाय कुठलीच नळी जाईनाशी झाली. हे माझ्यामुळं झालं की सरांना स्वतःलाच ते खटकलं होतं, हे त्यांच्या निवृत्तीपर्यंत मला विचारता आलं नाही.

आता तक्ता मी करते. महिन्याची पद्धत मी मोडून टाकली आहे. नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात मोजकी मुलं सोपवते. शिक्षण संपेपर्यंत ती त्याची. बाकीचे विभाग फिरायचे असतील तर फिर, पण ठरलेल्या दिवशी आपल्या मुलांना भेटायला यायचं. काय निघालं ते आईला सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा सुई लावायची नाही. पोरं कुरकुरतात. मॅडमना फुकटात बाह्यरुग्ण विभाग चालवून घ्यायचा आहे, असं माझ्यामागं बोलतात, मी ऐकलं आहे. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच बोलले असते. आणि मलाही या नव्या पद्धतीचा पूर्ण भरवसा कुठं आहे? तीन वर्षं एकाच मुलीला तपासून तिचं नाव न सांगता येणारा डॉक्टर मी पाहिला आहे. आणि एका महिन्यात घरचा झालेलाही पाहिला आहे. ज्या वर्षी सगळं छान चाललं आहे असं अहवालात येतं, त्या वर्षी मी न सांगता जाऊन आयांच्या रांगेत बसते.

शेवंता मोठी झाली. दुखणं गेलं नाही, ते जात नसतं. पण ते येताना ओळखायला ती शिकली. लग्न होऊन ब्रह्मपुरीकडं गेली. आजार पोरांत उतरू नये म्हणून लग्नाआधीच नवऱ्याचं रक्त तपासून घ्या, असा हट्ट अनुसयाबाईनं धरला होता, आणि ते तपासताना ती प्रयोगशाळेच्या दारात उभी होती, असं मंदाबाईंनी कळवलं होतं.

त्या हंगामात मी निघाले तेव्हा शेतं मोकळी झाली होती. चुरलेल्या धानाचा भुसा हवेत तरंगत होता. शेवंताला घरी सोडून चार-पाच दिवस झाले होते आणि त्या दिवशी ती तपासून घ्यायला येणार होती. बसला वेळ होता. दवाखान्यापासून जरा दूरच्या बस थांब्यापर्यंत मंदाबाई आल्या, शेजारच्या शेतातल्या दोन बायका आल्या, एकीनं ओंजळभर उकडलेले शिंगाडे दिले. अनुसयाबाई येईल असं मला वाटत होतं. एवढं सगळं झाल्यावर निरोपाला यायला हवं होतं तिनं. मी रस्त्याकडं पुन्हा पुन्हा बघत राहिले. ती आली नाही. पोरगी बरी झाली, काम झालं, असं एक कडवट काहीतरी मनात येऊन गेलं.

बस आली. मी खिडकीशी बसले. बस दवाखान्यासमोरून वळली तेव्हा आतलं दिसलं. सुधीर शेवंताला टेबलावर निजवून तपासत होता. आणि दाराच्या उंबऱ्यावर, रस्त्याकडं पाठ करून, कमरेवर हात ठेवून अनुसयाबाई उभी होती. तिचं सगळं लक्ष त्याच्या हातांवर होतं. मला बघायला तिला सवडच नव्हती.